पिवळं चीज घातलं म्हणून एन्चिलाडा बाटत नाही

मिरचीबाग

परवा इथे एकाने 'अस्सल मेक्सिकन जेवण' यावर लिहिलं. मथितार्थ असा: अमेरिकेतल्या मेक्सिकन रेस्टॉरंटांत मिळतं ते (टेक्सस-मेक्सिकोचं मिश्र जेवण, 'टेक्समेक्स') मेक्सिकन नव्हेच, पिवळं चीज आणि जिरेपूड ओतून गोऱ्यांसाठी केलेली नक्कल आहे, आणि घरी तसंच करू पाहणाऱ्यांची कीव येते. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

नक्कल केली कोणी? टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या चौकांत १८८० च्या सुमारास रात्री कंदिलाच्या उजेडात चिली कॉन कार्ने (मिरचीतलं मांसाचं कालवण) विकायच्या त्या बायका मेक्सिकनच होत्या. टेक्सस १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. सीमा सरकली, चुली जागच्या जागी राहिल्या. नाचोज तर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएद्रास नेग्रासला, म्हणजे मेक्सिकोच्या हद्दीत, इग्नासियो अनायाने केले. सीमेपलीकडच्या ईगल पास गावाहून बायका आल्या होत्या, आचारी सापडेना, तेव्हा त्याने तळलेल्या टॉर्टियावर (मेक्सिकन पोळीवर) चीज आणि हालापेन्यो मिरची घालून गरम करून दिलं. याचं 'अस्सल' कुठे ठेवलंय ते दाखवा.

आणि आधी करून बघा. एन्चिलाडा म्हणजे आत चीज गुंडाळून, वर ग्रेव्ही ओतून ओव्हनमध्ये भाजलेला टॉर्टिया. त्याच्या ग्रेव्हीला तेलात मैदा बदामी होईतो परतायचा, मग चिली पावडर, जिरं, लसूण, आणि लगोलग रस्सा. जरा रेंगाळलात की चिली पावडर करपते आणि अख्खं पातेलं कडू. मक्याचा टॉर्टिया गरम तेलात नुसता बुचकळून काढायचा. तसं नाही केलं तर गुंडाळताना चिरतो, आणि न चिरलाच तर ओव्हनमध्ये ग्रेव्ही पिऊन त्याचा लगदा होतो. जास्त वेळ ठेवलात तर कडक. हे जमलं की मग कीव करायला या.

ओआखाका_वेडा

तो लेख माझाच. नाव घ्यायला लाजलात का?

मेक्सिकन स्वयंपाकावर लिहिणाऱ्या डायना केनेडींनी १९७२ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की कॉम्बिनेशन प्लेट, म्हणजे एकाच ताटात सगळं वाढलेलं, म्हणजे मेक्सिको नव्हे. युनेस्कोने २०१० मध्ये पारंपरिक मेक्सिकन पाककलेला वारसा मानलं ते मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याचं उदाहरण समोर ठेवून, टेक्ससचं नाही. मी दक्षिण मेक्सिकोतल्या ओआखाकात एका बाईंच्या स्वयंपाकघरात मोले नेग्रो, म्हणजे मिरच्यांचा काळा दाट रस्सा, होताना पाहिलंय. मिरच्या निवडून एकेक भाजल्या, बिया वेगळ्या काढून पार काळ्या होईतो जाळल्या. घरभर असा ठसका की सगळे अंगणात पळालो, त्या मात्र तिथेच. या सगळ्याच्या बदल्यात तुम्ही काय देताय? चिली पावडरची एक लाल डबी आणि जिरं घातलेली खळ.

मिरचीबाग

मोले थोर आहे, कबूल. पण मंगळवारी संध्याकाळी कामावरून येऊन कोणी मोले नेग्रो करत नाही, ओआखाकातही नाही. तिथेही लोक बाजारातून तयार पेस्ट आणतात.

दोन_तवे

मैद्याचे टॉर्टिया 'अमेरिकन' म्हणणाऱ्यांनी उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरात जाऊन यावं. तिथे ते इतके पातळ आणि मोठे असतात की पलीकडचं दिसतं. एवढंच.

अनुजा_ह्यूस्टन

तुमचं अस्सल-नक्कल चालू द्या, पण शाकाहारी माणसाने जायचं कुठे? इथल्या एका रेस्टॉरंटात आम्ही किती वर्षं बीन्स आणि भात खात होतो. वेटर दर वेळी हसून 'नो मीट' म्हणायचा. एकदा सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी विचारायला लावलं म्हणून खोदून विचारलं. बीन्समध्ये डुकराची चरबी, भात कोंबडीच्या रश्शात! सासूबाई त्या दिवशी पाण्यावर राहिल्या. घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

ओआखाका_वेडा

ताई, चरबीशिवाय रिफ्राइड बीन्सना (शिजवून, घोटून परतलेल्या बीन्सना) चवच नाही. न खाणाऱ्यांनी सॅलड घ्यावं.

अनुजा_ह्यूस्टन

सॅलड घ्यावं?? पैसे आम्हीही तेवढेच मोजतो. चरबी घाला ना, पण सांगा तरी!

दोन_तवे

वेटर खोटं बोलला नाही हो. त्याच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हे, तेलासारखीच वस्तू. 'मांस आहे का' विचारून उपयोग नाही. 'मांतेका (डुकराची चरबी) आहे का' आणि 'काल्दो दे पोयो (कोंबडीचा रस्सा) घातलंय का' असं नाव घेऊन विचारायचं.

पाव_शेर

म्हणजे आता जेवायला जाण्याआधी स्पॅनिशची शिकवणी लावायची. वा.

निवडुंग

इतकं विचारायचं तर घरी खा. आम्ही लोक जिथे जातो तिथे चौकशी समिती बसवतो, म्हणून वेटर टाळतात आपल्याला.

अनुजा_ह्यूस्टन

'आम्ही लोक' नका म्हणू, स्वतःपुरतं बोला. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्याने विचारलं तर चालतं, मी विचारलं की चौकशी समिती?

निवडुंग

अॅलर्जीने जीव जातो. चरबीने सासूबाई रुसतात. फरक आहे.

मिरचीबाग

निवडुंग, सासूबाईंपर्यंत जायचं कारण नव्हतं.

आणि ओआखाका_वेडा, तुम्ही चरबीची बाजू घेताय हे फारच मजेशीर आहे. डुक्कर मेक्सिकोत आलं ते स्पॅनिश लोकांबरोबर, १५१९ नंतर. त्याआधी तिथे ना चरबी, ना चीज, ना गहू, ना तांदूळ, ना तुम्ही ज्याला नावं ठेवता ते जिरं. तुमच्या अस्सलपणाच्या कसोटीवर बीन्स नुसते शिजवून खावे लागतील, एपासोते या तिथल्या रानपाल्याची काडी टाकून. ताईंना तेच तर हवंय! टाको म्हणजे टॉर्टियात मांस वगैरे भरलेला घास; त्यातल्या टाकोज अल पास्तोरची, मांस भाजायची उभी फिरती सळईही लेबनॉनहून आलेल्यांनी रुजवली. मेक्सिकोतल्या पुएब्लात स्पॅनिशांनंतर चारशे वर्षांनी आलेलं चालतं, सॅन अँटोनिओत चालत नाही, हा कुठला न्याय?

ओआखाका_वेडा

न्याय असा की तिथल्या लोकांनी ते आपलंसं केलं. टाको बेल ही अमेरिकन फास्ट फूड साखळी मेक्सिकोत १९९२ मध्ये गेली, गाशा गुंडाळला. २००७ मध्ये मॉन्तेरेला पुन्हा गेली, टाकोबरोबर फ्रेंच फ्राइज विकले, पुन्हा गाशा. लोकांनी निकाल दिलाय. उलट एल कालिफा दे लिओन बघा, मेक्सिको सिटीतली उभ्याने खायची टपरी, २०२४ मध्ये तिला मिशेलिनचा तारा, रेस्टॉरंटांचा मोठा मान. टॉर्टिया, मांस, मीठ, लिंबू. चीजचा लवलेश नाही.

मिरचीबाग

टाको बेलला मी कधी रेस्टॉरंट म्हटलं? आणि त्या मिशेलिनवाल्या टाकोतलं गोमांस आणि लिंबू दोन्ही जहाजानेच आलं.

पाव_शेर

मध्येच विचारतो, रागावू नका. घरी मक्याच्या पिठाचे टॉर्टिया थापले, सगळे फाटले. गरम पाणी, कोमट पाणी, सगळं करून झालं.

दोन_तवे

साधं मक्याचं पीठ चालत नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन दळावा लागतो, त्याने साल सुटते आणि पीठ चिकट होतं. नाहीतर मासा हारिना म्हणून तयार पीठ मिळतं ते आणा. मळून अर्धा तास झाकून ठेवा. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. चुन्याचं काम नुसतं चिकटपणाचं नाही, त्याने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला.

ओआखाका_वेडा

चला, या धाग्यावर एक तरी मेक्सिकन गोष्ट आली. मिरचीबाग, तुमच्या समाधानासाठी मान्य करतो: टेक्समेक्स हे स्वतंत्र जेवण आहे, त्याला इतिहास आहे, आणि 'कीव' हा शब्द मी जरा हात सैल सोडून लिहिला. पण मग पाटीवर 'टेक्समेक्स' लिहा की. 'अस्सल मेक्सिकन' कशाला लिहिता?

मिरचीबाग

पाटीवर 'अस्सल' लिहिणाऱ्यांना माझाही विरोधच आहे. उपकार झाले.

अनुजा_ह्यूस्टन

माझ्या बीन्सचं कोणीच बोलत नाहीये.

मिरचीबाग

पिंटो बीन्स मऊ शिजवा, शिजल्याचं पाणी ओतू नका. तेल नेहमीपेक्षा सढळ घ्या, त्यात कांदा जवळजवळ काळसर करा, तेलात उतरलेला तो जळका वास चरबीची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. मग बीन्स घालून घोटा, पाणी थोडं थोडं. पातळ वाटेल तेव्हाच गॅस बंद, निवल्यावर घट्ट होतात. भाताला तांदूळ कोरडा, सोनेरी होईतो परता, टोमॅटो वाटून घाला, पाणी उकळतं घाला, झाकण ठेवा आणि ढवळू नका.

ओआखाका_वेडा

काळसर कांद्याने चरबीची चव येत नाही. पण खा.

दोन_तवे

ताई, भातात घालायला दुकानातून टोमॅटोच्या रश्शाची पावडर आणाल तर डबा उलटा करून घटक वाचा. वर चित्र टोमॅटोचं असतं, आत पुष्कळदा कोंबडी असते.

अनुजा_ह्यूस्टन

थांबा. तो डबा माझ्या फडताळात आहे.