सत्तरीच्या वरचे अपंग पेशंट रिसर्चमध्ये नकोत म्हणे, काहून?

मानेवाड्याची लेक:
काल इथं एका पीजी, म्हणजे पुढचं शिकून राहिलेल्या डॉक्टरांनी लिहिलं की सत्तरीच्या वरचे, त्यातही अपंग पेशंट स्टडीत घेऊ नये, डेटा खराब होतो, फॉलोअपला, म्हणजे पुन्हा तपासणीला येत नाहीत, त्यांना आरामात जगू द्या. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहून राहिली. माझी आई ७६ ची, लकव्यानं उजवी बाजू गेली, बोलताना अडखळते, पण समजतं सगळं. सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या. त्या गोळ्या तपासल्या कोणावर, तर बहुतेक तिच्यापेक्षा तरुण, चालत्याफिरत्या माणसांवर. मग आईला चक्कर आली की डॉक्टर म्हणतात वय झालं. एका खाजगी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर अभ्यास चालू होता, मी विचारलं आईला घेता का, तर म्हणे पेशंट स्वतः चालत आला पाहिजे. जी बाई पडते तीच नको!

पीजीवाला:
ताई, तो मीच. आईबद्दल वाईट वाटलं, पण स्टडी भावनेवर चालत नाही. एकाच पेशंटला बीपी, किडनी, लकवा सगळं असलं तर त्रास औषधानं झाला की आजारानं, कसं सांगणार? आणि काही बरंवाईट झालं तर अभ्यासात पेशंटचं हित जपलं की नाही हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीपुढं उभं मला राहावं लागते. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये असे पेशंट असुरक्षित गटात येतात, वाचा एकदा.

रिटायर मास्तर, सक्करदरा:
डॉक्टरसाहेब, असुरक्षित म्हणजे जास्त जपा, बाहेर काढा असं नाही त्यात. ८० च्या वरच्यांचं बीपी औषधानं उतरवावं की नाही यावर डॉक्टरांमध्येच वाद होता. मग हायव्हेट नावाची औषधाची चाचणी झाली, ८० च्या वरचे ३८४५ लोक, निकाल २००८ मध्ये. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू इतके कमी निघाले की अभ्यास मुदतीआधी थांबवला. म्हाताऱ्यांना घेतलं म्हणून कळलं ना हे?

पीजीवाला:
सर, त्याच हायव्हेटमध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती गेलेले, आणि नर्सिंगची गरज असलेले पेशंट घेतले नव्हते. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं.

मानेवाड्याची लेक:
तुमच्या बाजूचं कसं जी? जिला उठवायला-बसवायला माणूस लागते तिला तो निकाल लागू होते की नाही, हे कोणालाच माहीत नाही. तरी गोळी तर तिला देताच ना!

काठीवाले काका:
रिसर्च-फिसर्च ठेवा बाजूला, आधी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं बोला. गुडघे गेले, एका कानानं ऐकू येत नाही, अन् सरकारी दवाखान्यात ते तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. धापा टाकत चढलो तर टेबलावरचा पोरगा म्हणते "काकाजी, चढून आले ना, मग कसले अपंग!" अपंगत्व ४० टक्के भरत नाही म्हणे, कार्ड दिलंच नाही.

इतवारीची सून:
अगदी! आमच्या सासऱ्यांना तर म्हणाले म्हातारपणात होतंच असं, यात अपंगत्व कसलं. पोर्टलवर फॉर्म भरा, मग ओटीपी, मग तारीख, मग डॉक्टर रजेवर.

पीजीवाला:
विषय काय, तुम्ही बोलून काय राहिले? बोर्डाची कंप्लेंट इथं कशाला?

काठीवाले काका:
बेटा, विषय हाच आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार लिहिले, पण म्हाताऱ्याकडं कार्डच नसलं तर तुमच्या यादीत तो येणार कुठून? जनगणनावाले आले तर घरचेच सांगतात, वयानं कमी ऐकू येते, बाकी ठीक. २०११ ची २ कोटी ६८ लाख अपंगांची मोजणी अशीच झाली असणार, त्यात माझ्यासारखे किती सुटले असतील? कागदावर आम्ही नाहीच, म्हणून अभ्यासातही नाही.

रिटायर मास्तर, सक्करदरा:
आणि अभ्यासात घेताना संमतीच्या सहीचं काय? माझ्या बहिणीला ऐकू येत नाही, अक्कल शाबूत आहे. फॉर्म बारीक टायपात, सिस्टरनं तोंडावर मास्क लावून भरभर वाचला अन् सही भाच्याकडून घेतली. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे, अपंग माणसावर संशोधन करायचं तर त्याला समजेल अशा पद्धतीनं सांगून त्याचीच संमती घ्या, वरून परवानगी देणाऱ्या, सरकारनं नेमायच्या समितीत निम्मे तरी अपंग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे सभासद पाहिजेत. तुमच्या कॉलेजात कोणी घेताना पाहिली का अशा समितीची परवानगी?

पीजीवाला:
नाही पाहिली. पण सगळा दोष आमच्यासारख्या शिकाऊ रेसिडेंट डॉक्टरांवर टाकू नका सर, ४८ तास ड्युटी करून थिसिस लिहून राहिलो आम्ही. तुमच्या बहिणीची सही तिचीच पाहिजे होती, हे मान्य. लकवावाल्यांचा गट वेगळा धरून हिशोब मांडता येतो, हेही मान्य, सॅम्पल, म्हणजे पेशंटची संख्या, वाढवावी लागेल फक्त. पण फॉलोअपचं काय? व्हीलचेअरवाल्याला दर महिन्याला आणणार कोण, त्याचे पैसे देणार कोण?

मानेवाड्याची लेक:
ब्लड टेस्टचे पैसे बजेटमध्ये धरता ना, तसेच ऑटोचे धरा. येण्याजाण्याचा खर्च द्यायला तुमच्या त्याच गाइडलाइन्स परवानगी देतात. नाहीतर घरी या, बीपीचं मशीन बॅगेत मावते. अन् फॉर्म मोठ्या अक्षरात छापून दोन दिवस आधी द्या, मी आईला वाचून दाखवीन, सही ती डाव्या हातानं करते.

काठीवाले काका:
घरी याल तेव्हा बोर्डाच्या डॉक्टरलाही सोबत आणा.