जुन्या आवृत्तीत मशाल विझते, म्हणून मला तीच आवडते

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

आमच्या रविवारच्या गटात नुकत्याच आलेल्या एका मुलाने मला विचारले की, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून काल्पनिक पात्रे वठवण्याच्या खेळाचे २०२४ सालचे सुधारित नियम हाताशी असताना आपण टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ सालच्या ६४ पानी पुस्तकाला का धरून बसलो आहोत, आणि हा केवळ जुन्याचा सोस तर नाही ना. तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

सोसाचा मुद्दा आधी निकालात काढतो. त्या साली माझा जन्मही झाला नव्हता आणि आमच्या घरात फासा म्हटला की लुडोचाच. जे बालपण आपण जगलोच नाही, त्याच्या आठवणीने गहिवरायचे तरी कसे? मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर खेळायला शिकलो, चार वर्षे ती मनापासून खेळलो आणि मगच मागे वळलो.

वळण्याचे कारण मशाल. १९८१ च्या नियमांत तळघरातील वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजतात. मशाल अशा सहा पाळ्या जळते आणि दर दोन पाळ्यांनी सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, सहा बाजूंचा फासा टाकतो. त्यावर एक पडला, तर अंधारातून कोणीतरी भटकत समोर येते. मी देवगिरी किल्ल्यातील अंधारी या काळोख्या भुयारी वाटेवरून एक तळघर रचले होते. शाळेच्या सहलीत ज्यांनी ती वळणे पाहिली असतील आणि वटवाघळांचा वास घेतला असेल, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. प्रत्येक पाळीला एक, असे सहा शेंगदाणे मी टेबलावर मांडले होते. चौथ्या पाळीत गप्पांच्या नादात एकाने त्यातला एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि मीही तो गेल्याचेच धरले. पाचजण एकदम गप्प झाले, नकाशा काढणाऱ्या मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि पुढची पंधरा मिनिटे परतीची वाट कोणती यावर इतक्या हळू आवाजात चर्चा चालली की, स्वयंपाकघरातून आईने येऊन सगळे ठीक आहे ना, म्हणून पाहिले.

दुसरे कारण सोन्याचे. त्या नियमांत बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळतो, तर एक गॉब्लिन (चिमुकला राक्षस) मारून सगळ्यांत मिळून अवघे पाच. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलवर, म्हणजे पुढच्या पायरीवर, जायला २००० लागतात. हा हिशेब एकदा कळला की खेळाडू तलवार उपसण्याआधी बोलणी करतात, लाच देतात, मागच्या दाराने जातात. लढाई हा घाट्याचा धंदा आहे, हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

मांजराकाठ, लातूर

दादा, तुमच्या शेंगदाण्यांचे कौतुक आहे, परंतु तुमच्याच टेबलावरचा माझा अनुभव तुम्ही सोयीस्करपणे वगळलात. लातूरहून एसटीने पाच-सहा तास प्रवास करून मी आले, जादूगार निवडली, चार बाजूंच्या फाशावर तिच्या वाट्याला दोन हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे अंक, आले, दिवसाला एकच मंत्र मिळाला आणि दुसऱ्याच दालनात एका बाणाने ती संपली. शून्यावर आले की मृत्यू, असा तुमचा नियम. पाचव्या आवृत्तीत पडलेल्या पात्राला वाचण्याची संधी असते: तीन यशस्वी फासे पडले तर ते स्थिरावते, तीन हुकले तर जाते. तेवढ्या अवधीत सोबती धावून येतो आणि एक प्रसंग उभा राहतो. तुमच्याकडे प्रसंग उभा राहिला नाही, नव्या पात्रासाठी कोरा कागद तेवढा पुढे सरकवला गेला.

आणखी एक गोष्ट. जुन्या आवृत्त्यांचे गोडवे गाताना याच खेळाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ या वेगळ्या मालिकेतील १९७८ सालच्या पुस्तकात माणूस जातीच्या स्त्री-पात्राच्या ताकदीवर पुरुषापेक्षा कमी मर्यादा घातली होती, हेही सांगत जा. ड्रॅगन चालतो, उडता गालिचा चालतो आणि बलदंड बाई तेवढी अवास्तव वाटते, हा न्याय मला कधी समजला नाही.

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

ताई, ती मर्यादा लाजिरवाणीच होती आणि तिचे समर्थन मी करणार नाही. मात्र ती ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेतील आहे, १९८१ च्या पुस्तकात ती नाही. जादूगाराबाबत सांगायचे तर खेळ सुरू होण्यापूर्वी तुम्हाला भाडोत्री ढालकरी घेण्याविषयी मी सुचवले होते आणि तुम्ही पैसे वाचवले होते. तरीही एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दुसरे पात्र आधीच तयार करून द्यायला हवे होते, ही चूक पुस्तकाची नाही, माझी आहे.

गोदाकाठ, नांदेड

मी दोघांच्याही बाजूचा नाही, कारण माझी आवडती आवृत्ती १९८९ ची दुसरी आहे आणि तिच्यातील वजाबाकीवर हसणाऱ्यांची मला सवय झाली आहे. (थॅको म्हणजे शून्य चिलखत-अंकाच्या शत्रूला वार लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर लागणारा किमान आकडा. थॅको १७ असलेल्या योद्ध्याला पाच चिलखत-अंकाच्या शत्रूवर वार करायचा असेल, तर १७ मधून पाच वजा करून बारा किंवा अधिक पाडायचे; चौथीतल्या मुलाला जमेल एवढेच ते गणित आहे.) माझा आक्षेप वेगळा आहे. मशाल पाचव्या आवृत्तीतही एक तासच जळते. शेंगदाणे तिथेही मांडता येतात. मग तुम्ही ज्याला आवृत्तीचा गुण म्हणता, तो सूत्रधाराच्या शिस्तीचा गुण नव्हे काय?

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

मीही आधी असेच समजत होतो आणि पाचव्या आवृत्तीत शेंगदाणे मांडूनही पाहिले. तिथे पहिल्या लेव्हलचा जादूगार उजेडाचा मंत्र हवा तितक्या वेळा फुकट म्हणतो आणि पाचपैकी तिघांच्या जातीला अंधारात दिसते. शेंगदाणे तसेच राहिले आणि शेवटी आम्ही ते खाल्ले. १९८१ च्या पुस्तकात उजेडाचा मंत्र घेतला, तर त्या दिवसाचा एकमेव मंत्र खर्ची पडतो.

गोदाकाठ, नांदेड

एल्फ आणि बुटक्या खाणकऱ्याला तुमच्याही पुस्तकात साठ फुटांपर्यंत अंधारात दिसते, हे तुम्ही लिहिले नाही.

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

दिसते, परंतु उष्णतेवरून दिसते, त्यामुळे भिंतीवरचा लेख वाचता येत नाही. आणि सोबतच्या माणसाला काहीच दिसत नसल्यामुळे मशाल पेटवावीच लागते.

परभणीकर

मशालीवरून चोर या पात्राकडे यावे, असे मला वाटते. तुमच्या पुस्तकातील पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता दहा टक्के आहे. ज्याचा व्यवसायच सापळे शोधण्याचा, तो दहापैकी नऊ वेळा हुकणार असेल, तर त्याला चोर का म्हणावे? तुम्ही उत्तर द्याल की फासा टाकूच नये. फरशीवर पाणी ओतून ते कुठे मुरते ते पाहावे, दहा फुटी काठीने टोचावे आणि हे सगळे तोंडाने सांगावे. ते उत्तर मला ठाऊक आहे आणि माझी हरकत तिथेच आहे. आमच्या गटात एक मित्र आहे, तो बोलताना अडखळतो, चारचौघांत त्याला पटकन सुचत नाही. पाचव्या आवृत्तीत त्याचा चोर चतुर असतो, कारण पात्राच्या कागदावर तसे लिहिलेले असते आणि फासा त्याला साथ देतो. तुमच्या टेबलावर त्याचा चोर त्याच्याइतकाच अडखळतो. आठवडाभर जे वाट्याला येते, तेच रविवारीही आले, तर त्याने खेळावे कशासाठी?

मांजराकाठ, लातूर

परभणीकरांनी माझ्यापेक्षा नेमके लिहिले.

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमच्या गटातही मोठ्या आवाजाचे दोघे बहुतेक दालने परस्पर सोडवून टाकतात आणि मी त्यांना थांबवत नाही, कारण त्यांचे बोलणे ऐकायला मजा येते. तुमचे वाचल्यापासून नकाशा काढणारी ती मुलगी आठवते आहे. गेल्या तीन रविवारांत ती फक्त वळणे आणि अंतरे विचारण्यापुरती बोलली. पुढच्या खेळात दालनात शिरल्यावर पहिला प्रश्न तिने विचारायचा आणि तोवर इतरांनी थांबायचे, असे ठरवतो. चोराचे दहा टक्के मात्र मी वाढवणार नाही. ते वाढवले की सगळे कागदाकडे पाहू लागतात आणि फरशीकडे कोणीच पाहत नाही.

परभणीकर

मित्राला विचारून सांगतो. येणार असेल, तर त्याला चोर देऊ नका. त्याला योद्धा आवडतो.