सिमेंट सगळ्याच मणक्यांना चालत नाही

सुईने हाडाचं सिमेंट भरलं की मोडलेला मणका बसतो, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. म्हातारपणी हाडं ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्याला ते ठीक. पण मणक्याची मागची भिंत फुटून तुकडा मज्जारज्जूकडे सरकला असेल, तर नुसतं सिमेंट पुरत नाही, उलट त्या फटीतून आत झिरपायची भीती. तिथे ऑपरेशन करायचंच तर बहुधा धातूचे स्क्रू-रॉड लागतात.

माझा मेहुणा कोथरूडला गच्चीच्या शिडीवरून पडला, एल-१ (कमरेचा पहिला मणका) फुटला. पायांत ताकद शाबूत होती, त्यामुळे सीटी बघून आम्हाला वाटलं पाठीच्या पट्ट्यावर भागेल. एमआरआयमध्ये मणके बांधून ठेवणारी मागची लिगामेंट फाटलेली दिसली आणि निर्णय फिरला. (खर्चापायी त्या एमआरआयलाच आम्ही का-कू करत होतो!) पाठ उभी न चिरता छोट्या छेदांतून त्याच्या वरच्या (डी-१२) आणि खालच्या (एल-२) मणक्यात स्क्रू घातले, दोन्ही बाजूंना रॉड. आज पाठीवर बोटाच्या पेराएवढ्या चार खुणा आहेत, बस. फ्यूजन (मणके एकमेकांना कायमचे जोडणं) केलेलं नव्हतं, म्हणून हाड भरल्यावर वर्षभराने स्क्रू काढले. सगळ्यांचे काढतातच असं नाही, पण आम्हाला हे आधी कळलंच नव्हतं. दुसऱ्या ऑपरेशनचं पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.