बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाल्या झाल्या थेट मुलांच्या हॉस्पिटलात, की आधी गुडघे आणि कंबर?

कुडाळची_फिजिओ

इंटर्नशिप संपली, कौन्सिलच्या नोंदणीचे कागद गेले, आणि आता घरी जो येतो तो एकच विचारतो, "मग, दवाखाना कधी घालतेस?" बाबांनी एसटी स्टँडजवळ गाळाही बघून ठेवलाय. इकडे मुंबईत मुलांच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर फिजिओची जागा मिळतेय. पगार असा, की राहण्याचं भाडं गेल्यावर उरेल त्यात वडापाव. तरी मी जायचं म्हणतेय. माझं मत असं की ज्याला मुलांमध्येच काम करायचंय त्याने सुरुवातच तिथून करावी. "दोन वर्षं ऑर्थो, म्हणजे हाडं-सांधे, कर, हात बसू दे, मग मुलांकडे वळ" हा सल्ला ऐकलेले माझे सगळे सीनिअर आज पाठीला पॅड चिकटवतायत. (रागावू नका, नावं घेत नाही.)

कारण सांगते. इंटर्नशिपमध्ये माझ्यासमोर एक बाळ आलं. मी फाइलवर लिहिलं: सात महिने, मान धरतो, बसत नाही, वाढ मागे. मॅडमनी विचारलं, "सात महिने कोणत्या तारखेपासून?" बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालेलं. ते दोन महिने वजा केले तर पाच उरतात, आणि पाच महिन्यांचं बाळ बसलं नाही तर त्यात काळजी कसली? मी सुटकेचा श्वास सोडला. मॅडम मात्र खुळखुळा धरून बसल्या होत्या. डावीकडे धरला, डाव्या हाताने घेतला. उजवीकडे धरला, तरी डावाच हात अंगावरून पलीकडे गेला. उजवी मूठ बंद, अंगठा आत. आई कौतुकाने म्हणाली, "डावरा होणार बहुतेक, याच्या आजोबांसारखा." या वयात कोणी डावरं-उजवं नसतं. बाळाने एक हात निवडला असेल तर दुसऱ्या हाताचं काहीतरी बिनसलंय.

हे सगळं मी पेपरात लिहून मार्क घेतले होते. समोर बाळ आलं तेव्हा दिसलं नाही. ही नजर गुडघे शेकून येणार नाही.

चिपळूण_ओपीडी

नजरेचं पटलं. बाकीचं नाही.

अकरा वर्षं दवाखाना चालवतोय, म्हणून सरळ बोलतो. मोठ्या हॉस्पिटलात नव्या पोरीच्या हातात पहिल्या दिवशी सीपीची (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडलेली) मुलं कोण देतो? तुझ्या वाट्याला येणार वॉर्डातला कफ आणि रजिस्टर. ते शिकायलाही हरकत नाही, पण दोन-तीन वर्षांनी परत आल्यावर काय करशील? आपल्या गावात राहिलंय कोण? तरणी माणसं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारा-म्हातारी. लावणी झाली की कंबर, काजूचा हंगाम संपला की गुडघा, आणि लकवा बारा महिने. त्यांच्यासमोर तू बसशील आणि तुला शेवटचा आखडलेला खांदा बघून तीन वर्षं झालेली असतील.

नोकरी म्हणशील तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं अंगणवाडी आणि शाळेत तपासायची, अडचण दिसली तर या केंद्राकडे पाठवायची. योजना चांगली, वाद नाही. पण जिल्ह्याला केंद्र एक. तिथली जागा रिकामी होईपर्यंत वाट बघत बसणार?

आधी माणूस शीक. मग छोटा माणूस.

राजापुरी_गंजिफा

"छोटा माणूस" यावरच माझं अडतं.

मी चिपळूणकरांच्याच रस्त्याने गेलो. आधी ऑर्थो, मग स्वतःचा दवाखाना. तिसऱ्या वर्षी एक पाच वर्षांचा मुलगा आला, चवड्यांवर चालतो म्हणून. पोटऱ्या हाताला टणक, चांगल्या भरलेल्या. मी त्याच्या बापाला म्हटलं देखील, "पैलवान आहे." पोटऱ्यांना ताण दिला, ताकद यावी म्हणून जिना चढ-उतर दिला. दीड महिना. एके दिवशी त्याची गाडी टेबलाखाली गेली. तो खाली बसला, गाडी घेतली, आणि उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला.

डुशेन. स्नायू झिजत जाण्याचा आजार. त्यात असली जोरकस मेहनत स्नायूंना आणखी मारते, विशेषतः उतरताना पडणारा ताण. पोटऱ्या भरलेल्या नव्हत्या, आजाराने फुगलेल्या होत्या.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून ही खूण पाठ होती मला. पोरगी म्हणतेय ते हेच.

माडाबुडी

जा गो चेडवा तू. गाळो खय पळान जातलो?

चिपळूण_ओपीडी

@राजापुरी, प्रामाणिकपणे लिहिलंत, मानलं. पण चूक ऑर्थोची नव्हती, मुलाला जमिनीवर बसवून उठवलं नाही ही होती. ते मीही करतो आणि मी मुलांच्या हॉस्पिटलचं तोंड बघितलेलं नाही. @माडाबुडी, गाळा पळत नाही, भाडं पळतं.

देवगडची_आई

मी फिजिओ नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, सीपी. तुमच्या चर्चेत घुसते, कारण दोन्ही प्रकारचे फिजिओ मी बघितलेत.

तीन-तीन महिन्यांनी मुंबईला जायचो. रात्रीच्या गाडीत सीटवर त्याला आडवं घालायचं आणि आपण खाली. हॉस्पिटलमधल्या मुली हुशार, गोड बोलायच्या, त्याला आवडायच्या. निघताना कागद द्यायच्या: मोठा बॉल, भिंतीची शिडी, तासभर उभं राहायची चौकट. आमचं घर रस्त्यापासून सोळा पायऱ्या वर, जांभ्या दगडाच्या, त्यातल्या दोन एका उंचीच्या नाहीत. दाराला वीतभर उंबरठा. पायातले प्लास्टिकचे स्प्लिंट सांगितलेत तेवढे तास घातले की पावसाळ्यात आत घाम साचून घोट्याला फोड. हे सांगितलं की त्या म्हणायच्या, मोजे बदला. इथे जुलैत मोजे वाळतात कधी? एकीनेही कधी विचारलं नाही की ताई, घर कसं आहे.

मग इथल्याच एक मॅडम, म्हातारी माणसं बघणाऱ्या, घरी आल्या. पडवीत बसल्या, चहा घेतला, मुलगा जेवताना कसा सांडतो ते बघितलं. सुताराला बोलावून फणसाच्या लाकडाची खुर्ची करून घेतली, मागे दोन फळ्या कोपऱ्यासारख्या, म्हणजे खांदे पुढे येतात, मधे खुंटी, म्हणजे पाय एकमेकांवर जात नाहीत. त्या खुर्चीत तो पहिल्यांदा आपल्या हाताने पेज जेवला. अर्धी अंगावर.

म्हणजे मी चिपळूणच्या सरांच्या बाजूची, असं वाटेल. पण त्याच्या खुब्याचा एक्सरे ठरावीक काळाने काढायला हवा, खुबा हळूहळू निसटतो आणि मुलाला आधी दुखतही नाही, हे या मॅडमना माहीत नव्हतं. मुंबईच्या पोरीने सांगितलं. ती नवीनच लागलेली. वेळेवर कळलं म्हणून डॉक्टरांना दाखवता आलं.

आता तुम्हीच ठरवा.

वेंगुर्ला_एमपीटी

नऊ वर्षं मुलांमध्ये आहे. कुडाळच्या ताईला काही कामाचं.

कफाला नाकं मुरडू नका. तान्ह्याला ब्राँकिओलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज) झाला की नातेवाईक म्हणतात "छातीला मशिन लावा", आणि नवा फिजिओ उत्साहाने थापटायला लागतो. त्या आजारात थापटण्याचा फायदा दिसलेला नाही, बाळ उगाच थकतं. हे बघून, फाइल वाचून, "इथे माझं काम नाही" असं म्हणता येणं हे मोठ्या वॉर्डातच शिकता येतं, कारण तिथे तुमच्या पाठीशी कोणी असतं. तेच नवजात विभागात. बाराशे ग्रॅमचं बाळ. निम्मं काम हात न लावण्याचं: रंग बदलला, श्वास अडखळला, बोटं फाकली, की थांबा.

वाकड्या पावलांचं उदाहरण घ्या. पोन्सेटीच्या पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर, साधारण पाच-सहा, बहुतेकांना टाचेमागच्या कंडरेला (पोटरी टाचेला जोडणाऱ्या दोरीला) छोटा छेद, मग पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर झोपेत, चार-पाच वर्षांपर्यंत. प्लास्टरने पाऊल सरळ होतं आणि आजीने परत वाकडं होतं. पोर रडतं, शेजारीण म्हणते "काय गो, पोराचे पाय बांधून ठेवलात?", बूट सुटतात. अंग चोळायला येणाऱ्या बाईने सांगितलं तर घर ऐकतं, आपलं नाही. म्हणून मी त्या बाईलाच बोलावून बूट कसे चढवायचे ते दाखवते. हे मला कोणत्याही हॉस्पिटलने शिकवलं नाही, पण बूट नीट चढलाय की टाच वर राहिलीय हे बघायला हॉस्पिटलनेच शिकवलं.

जागा घेण्याआधी विचारा: माझं काम बघायला, चूक पकडायला सीनिअर कोण? लवकर जन्मलेल्या बाळांना पुढे बोलावून बघणारी ओपीडी आहे का? की वर्षभर एकाच वॉर्डात? उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या, हॉस्पिटलच्या फाटकावर कितीही हत्ती-जिराफ रंगवलेले असोत. आणि मुंबईच का? सावंतवाडी-दोडामार्गकडचं बाळ अडलं की गाडी गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजकडेच वळते. तिथेही चौकशी करा.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही. एखाद्या सोमवारी खाट रिकामी असते. सिस्टर चादर बदलत असते आणि तुम्ही हातात खेळणं घेऊन उभ्या. त्यासाठी कोणी तयार करत नाही.

चिपळूण_ओपीडी

हे मी आधी वाचलं असतं तर एवढं ताणलं नसतं. तरी पैशाचं कोणी बोललं नाही. शिक्षणाचं कर्ज असेल तर वडापाव गोड लागत नाही. आणि देवगडच्या ताईंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, खुबा सोडून.

कुडाळची_फिजिओ

सर, खुबा सोडून कसं चालेल?

कर्ज आहे. हप्ता पुढच्या वर्षी सुरू होतो, तोवर एक वर्ष माझं आहे असं धरून चाललेय. वेंगुर्ल्याच्या ताईंचे प्रश्न लिहून घेतले, उद्याच फोन करते. सीनिअरचं उत्तर गोलमोल आलं तर नाही जाणार, हे इथे लिहून ठेवते म्हणजे मागे हटता येणार नाही. घराचं मला खरंच सुचलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलात कागद छापलेलेच होते, वर फक्त नाव घालायचं.

देवगडच्या ताई, त्या खुर्चीचा फोटो टाकाल? मागच्या फळ्यांमधला कोन आणि खुंटीपर्यंतचं अंतर हवंय.

देवगडची_आई

टाकते. माप टेपने घेऊन लिहिते. पण आता तो तिच्यात मावत नाही, मांड्या अडकतात. नवी करायचीय, आणि गणपतीच्या आधी सुतार कोणाला मिळालाय?