आरएक्स १००चं हेड १ मिमी कापलं, आता पन्हाळ्याच्या चढाला खडखडतंय

पेठेतला आरएक्सवाला

मंडळी, डोकं चालेना म्हणून इथं विचारतोय. गाडी १९९१ची यामाहा आरएक्स १००, टू स्ट्रोक मोटरसायकल. मामानं गोठ्याच्या कडेला टाकून दिलेली, मी दोन दिवाळ्यांचा बोनस ओतून उभी केली. स्लीव्ह नवी, पिस्टन नवा, साइज कंपनीचीच, बोर आणि स्ट्रोक ५० बाय ५० मिमी.

दोस्ताची आरएक्स माझ्यापेक्षा पुढं पळते. इचारलं तर म्हणाला, हेड, म्हंजे सिलिंडरवरचं झाकण, १ मिमी कापलंय, कॉम्प्रेशन, म्हंजे आतला दाब, वाढलंय. मी बी उद्यमनगरात एका लेथवर हेड दिलं आणि १ मिमीचा कट मारून आणला. मोजलं काहीच न्हाई. पहिले चार दिवस राजा! गंगावेशीतनं रंकाळ्याकडं दुसऱ्या गियरवर नुसती उसळायची. किक मात्र गुडघा मागायची.

रविवारी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळपर्यंत काय न्हाई. तिथनं वर चढताना चौथ्यात ओढली की पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यागत आवाज. तिसरा टाकला की कमी. वर पोचेस्तोवर गाडी मऊ पडली. नाक्याजवळ प्लग काढला, तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके. हे काय हाय? पेट्रोल साधंच.

शिरोलीचा भाऊ

भावा, नॉकिंग हाय. भारीतलं जादा ऑक्टेनवालं, दाबानं लवकर न फुटणारं पेट्रोल टाक, आवाज जाईल. न्हाईतर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घाल, कॉम्प्रेशन परत खाली येतंय. माझ्या चुलतभावानं तसंच केलंय.

निवृत्त टर्नर

बाळ, आधी गाडी ओढणं बंद कर. ते चंदेरी ठिपके म्हणजे तुझ्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

मी तीस वर्षं ऑइल इंजिनाची हेडं केली. डिझेलला दाबानंच पेटायचं असतं, सोळा-सतरा पट दाबलं तरी ते खूश. पेट्रोलनं प्लगची वाट बघायची असते. तू जादा दाबलंस. प्लगनं लावलेली आग कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपल्या मनानं फुटतंय, तेच डब्यातले खडे. हेड काढून पिस्टनची कड बघ. उंदरानं भाकरी कुरतडल्यागत दिसली तर अजून वेळ गेलेली नाही; मधे भोक पडलं की गेली.

शिरोलीकर, पेट्रोल बदलून आवाज दबेल, पण ते दुखणं झाकणं झालं. आणि ब्लॉकखाली जाड पॅकिंग घातलं की सगळे पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली माल आत-बाहेर जायची भोकं, वर उचलले जातात, म्हणजे ते उघडायचं-मिटायचं टायमिंगच बदललं. चुलतभावाला विचार, कमी वेगातला ओढा कमी झाला का नाही.

आता तीन मापं काढून आण. पहिलं, पिस्टन टॉपला आणून कडेला ग्रीसचा बारीक थर दे, हेड आवळ, आणि मेडिकलमधल्या सिरिंजनं प्लगच्या भोकातनं पातळ तेल भर. खालच्या आट्यापर्यंतच. किती मिली बसलं ते लिही. दुसरं, सोल्डरची तार पिस्टनवर पिनेच्या रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसनं चिकटव. दुसरीकडं लावलीस तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. हेड आवळून एकदा हातानं फिरव, आणि चपटी झालेली तार व्हर्निअरनं मोज, तीच पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट. तिसरं, पिस्टन टॉपपासून एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेपर्यंत किती खाली जातो ते.

आणि त्या दोस्ताला विचार, एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून पोर्ट उचललाय का?

पेठेतला आरएक्सवाला

काका, मोजलं. तेल ७.९ मिली. तार ०.९ मिमी. पोर्टपर्यंत २७ मिमी. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला दोन जागी कुरतडल्यागत हाय, खोल न्हाई.

दोस्तानं पोर्ट २ मिमी उचललाय! हे सांगायचं राहिलं म्हणे. दोनदा चहा पाजला होता त्याला.

डिप्लोमाचं गणित केलं: इंजिन ९८.२ सीसी, वर ७.९. म्हणजे १३.४ला १. बघून घामच फुटला. एवढं असतंय का?

निवृत्त टर्नर

गणित बरोबर, पण ते फोर स्ट्रोकचं. टू स्ट्रोकला एक्झॉस्ट पोर्ट बंद होईपर्यंत काही दाबलंच जात नाही, वर येणारा माल निम्मा बाहेर बघत असतो. म्हणून जपानी कंपन्या पोर्ट बंद झाल्यापासनं मोजतात. तुझ्या बोरला १ मिमी म्हणजे १.९६ सीसी. २७ मिमीचे झाले ५३ सीसी. आता ५३ अधिक ७.९, भागिले ७.९, आले ७.७. कट मारायच्या आधी वर ९.९ सीसी असणार, म्हणजे ६.४. दोस्ताचं हेड तुझ्यासारखंच धर, पण त्याला दाबायला २५ मिमीच मिळतात, तो ७.२वर. पोर्ट उचलून गेलेला दाब त्यानं हेड कापून परत आणलाय. तू नुसतीच दुसऱ्याची गोळी खाल्लीस.

रस्त्यावरच्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीला मी सातच्या पुढं जात नाही. म्हणजे वर ८.८ सीसी पाहिजेत. सोपा उपाय, हेडखाली अर्ध्या मिमीचं तांब्याचं पॅकिंग. तो करू नको. तुझी ०.९ची फट कापण्यातनं झालेलं एकमेव चांगलं काम आहे. पिस्टन वर येताना कडेचं मिश्रण त्या फटीतनं मधे ढकललं जातं, घुसळतं, भरभर जळतं, आणि कडेला फुटायला फारसं उरत नाही. १.४ केलीस की तिथं मिश्रण पडून राहील. हेडच्या कडेची सपाट पट्टी तशीच ठेव, मधली वाटी लेथवर खोल करून घे, थोडं थोडं, दर कटला सिरिंजनं मोजून. कुठं टोकदार कड ठेवू नको, ती लाल होऊन दुसरा प्लग बनते. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग किंचित मागं घे.

आणखी एक. आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऑक्टेनला ते बरं, पण त्याला हवा कमी लागते, म्हणून कार्बुरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण पातळ पडतं आणि गाडी तापते.

पेठेतला आरएक्सवाला

काका, झालं. लेथवाल्यानं तीनदा चक बांधला, वैतागला, शेवटी वडा-पाववर मानला. ८.८ मिली, फट ०.९. पिस्टनची कड एमरीनं हलकी घासली.

आज परत वाघबीळ ते वर, मुद्दाम चौथ्यात. खडे न्हाईत. किक पण माणसात आली. दोस्त सोबत होता. सपाटीला तो पुढं गेला, चढाला माझ्या मागं राहिला आणि वर पोचल्यावर चहाचे पैसे त्यानं दिले.

प्लग अजून जरा पांढरट हाय. मेन जेट एक नंबर मोठी घालून बघू, का आधी कार्बुरेटरची सुई एक खाच वर?

निवृत्त टर्नर

पूर्ण थ्रॉटलला पांढरा पडत असेल तर जेट, अर्ध्याला असेल तर सुई. चढाच्या मधेच इंजिन बंद कर, क्लच दाब, आणि तिथंच प्लग बघ. घरी येऊन बघितलास तर रस्त्याभरचा रंग दिसेल.