मेंदूच्या ऑपरेशननंतरही फिट्स येतात, व्हीएनएस बसवलेलं कुणी आहे का?

सातारची आई: मुलगा अकरावीत आहे. मेंदूच्या उजव्या टेम्पोरल लोबचं (कानाजवळच्या भागाचं) ऑपरेशन झालं, बरेच महिने छान गेले, आता झोपेत परत फिट्स सुरू झाल्यात. गोळ्या चालूच आहेत. डॉक्टर व्हीएनएस, म्हणजे फिट्स कमी करायला नसेला करंट देणारं यंत्र, सुचवतात. पुन्हा डोकं उघडणार का? जीव थाऱ्यावर नाही.

प्रसाद_ठाणे: ताई, डोक्याला हात लावत नाहीत. माझंही ऑपरेशननंतर असंच झालं होतं, म्हणून हे बसवलं. छातीत डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली छोटं यंत्र असतं. त्याची वायर मानेतल्या डाव्या व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेला, गुंडाळतात. सहसा ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद, असं दिवसरात्र चालतं. करंट हळूहळू वाढवत नेतात.

चालू असताना माझा आवाज घोगरा होतो. मी शिकवण्या घेतो. तेवढ्या वेळात मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात. सलग बोलायचंच असेल तर मॅग्नेट यंत्रावर धरून ठेवतो, तोवर ते थांबतं. फिट येतेय असं वाटलं तर मात्र मॅग्नेट नुसता वरून फिरवायचा, म्हणजे जादा करंट मिळतो. हे बायकोला आणि शेजारच्या काकूंनाही शिकवून ठेवलंय.

खरं सांगतो, माझ्या फिट्स थांबलेल्या नाहीत. पण पूर्वी एक आली की अख्खा दिवस अंथरुणात जायचा. आता तासाभरात मी माणसात येतो. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

वैशाली_नर्स: साधारण निम्म्या पेशंटमध्ये फिट्स निम्म्यावर किंवा त्याखाली येतात. पूर्ण बंद होणारे थोडेच. फरक कळायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही. गोळ्या चालूच राहतात. पण व्हीएनएस बसवण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: फिट्स अजून त्याच जागेतून निघतायत का? व्हिडिओ ईईजी (चित्रीकरण करत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) आणि एमआरआय नव्याने करून दुसऱ्या ऑपरेशनचा विचार झालाय का? ते जमणारं असेल तर पूर्ण बरं होण्याची आशा त्यात जास्त असते. हा प्रश्न सोडू नका.

सातारची आई: दोघांचे आभार. व्हिडिओ ईईजी ऑपरेशनआधीचाच आहे, सोमवारी विचारते. पुढे बॅटरीचं काय?

प्रसाद_ठाणे: करंट किती ठेवलाय त्यावर आहे, काही वर्षं जाते. मग छोट्या ऑपरेशनने यंत्र बदलतात, वायर बहुधा तीच राहते. त्याही खर्चाचं आत्ताच विचारून ठेवा. आणि फिजिओथेरपीत डायथर्मीचा, म्हणजे मशीनने खोलवर देतात तो, शेक कधीच घ्यायचा नाही. यंत्राचं कार्ड त्याच्या खिशात कायम असू द्या, एमआरआयच्या वेळी आधी तेच दाखवायचं.