'जीवनगौरवाचे मानकरी' बरोबर की चूक?

गंगावेसकर
एका शब्दावर गाडी अडलीय, जाणकारांनी जरा सांगा. आमच्या आईचे मामा, आम्ही सगळे आबाच म्हणतो, उभं आयुष्य तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली त्यांनी. आता हात थरथरतो, पेला धरवत नाही, पण मांडीवर ठेका धरला की अजून बरोब्बर समेवर येत्यात. त्यांना इथल्या एका संस्थेचा जीवनगौरव पुरस्कार मिळालाय आणि मानपत्राचा मजकूर माझ्याकडं आलाय. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'यंदाच्या जीवनगौरव पुरस्काराचे मानकरी'. छापखान्यातल्या काकांनी प्रूफ वाचता वाचता 'मानकरी'वर काट मारली. म्हणाले, मानकरी म्हंजे जोतिबाच्या सासनकाठीचा मानकरी, ज्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला तो, कमिटी बसली आणि नाव काढलं म्हणून कोण मानकरी होत नाही, 'पुरस्कारप्राप्त' लिहा. पण पेपरात तर रोज 'पुरस्काराचे मानकरी' छापून येतंय की ओ. मग काय लिहू?

बोरू
काका बरोबर आहेत. मानकरी हा हक्काचा शब्द आहे, मराठेशाहीत मानकरी म्हणजे दरबारात ज्यांचा मान ठरलेला ती घराणी. गावाकडं होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, यावरनं डोकी फुटलेली आहेत, कारण तो मान कुणी दिलेला नसतो, तो असतो. पेपरवाल्यांनी तो बक्षीसवाल्याला चिकटवला. 'विजेते' पण लिहू नका, आबा कुठल्या स्पर्धेत उतरले नव्हते. 'सन्मानित' लिहा आणि मोकळे व्हा.

शाहूपुरी५
शब्द वापरानं सरकतो बोरूसाहेब, कोशात बांधून राहत नाही. आणि तुमचाच नियम लावला तर आबा मानकरीच ठरतात. ज्या माणसानं थंडीवाऱ्यात कनातीच्या मागं बसून ढोलकी चढवली, पहाटंपर्यंत फड उभा ठेवला, त्याचा मान कमिटीच्या आधीपासनंच आहे, कमिटीनं तो आज कबूल केला एवढंच. 'पुरस्कारप्राप्त' लिहिलं की वाटतं पुरस्कार मोठा आणि माणूस नंतरचा. माझं मत मानकरीच.

मंगळवारपेठ
मला 'मानकरी'पेक्षा 'जीवनगौरव'च खुपतो. लाइफटाइम अचिव्हमेंटला कुणीतरी काढलेला शब्द दिसतोय आणि त्यात एक अट लपलीय, की गौरव व्हायला आधी जीवन सरत यायला पाहिजे. आपल्याकडं असं नव्हतं. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० ला आला, तो बघून टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, तेव्हा बाबूराव तिशीत पण पोचले नव्हते. गायक नट केशवराव भोसले 'संगीतसूर्य' झाले आणि १९२१ ला एकतिसाव्या वर्षी गेले पण. जुलैत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' नाटक आणि ऑक्टोबरात खेळ खल्लास. आजच्या हिशोबानं ते जीवनगौरवाला पात्रच झाले नसते बघा. उलट चित्रपटवाल्या भालजी पेंढारकरांना फाळके पुरस्कार १९९१ चा, म्हणजे नव्वदी ओलांडल्यावर. गौरवच करायचा तर हातात बळ असताना करा, पदवी घेऊन माणूस पुढं काम करतो.

बागलचौक
मंगळवारपेठ, एकदम मनातलं बोललात. पण शब्द सुधारतात पण. सरकारी मानधन योजनेचं नाव वर्षानुवर्षं 'वृद्ध साहित्यिक व कलावंत' असं होतं, फॉर्म भरतानाच माणूस म्हातारा व्हायचा. २०२४ ला 'वृद्ध' जाऊन 'ज्येष्ठ' आलं, राजर्षी शाहू महाराजांचं नाव लागलं आणि अ, ब, क वर्ग न बघता सरसकट महिना ५००० झाले. माझी चुलत आत्या भेदिक, म्हंजे शाहिरीतली सवाल-जवाबाची गाणी, गायची, तिला 'वृद्ध कलावंत' म्हटलं की राग यायचा, म्हणायची गाणारी वृद्ध झाली तर गाणं कोण गातंय मग.

बोरू
'मानधन' निघालंच आहे म्हणून सांगतो, संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचं धन असा माणूस, किरातार्जुनीयात योद्ध्यांना 'मानधनाः' म्हटलंय. माणसाचं विशेषण होतं, आपण त्याचं पाकीट केलं. मानपत्रात 'मानधन आबा' असं लिहिता आलं तर काय बहार येईल.

शाहूपुरी५
आणि वाचणारे विचारतील किती मानधन. नको.

तांबडापांढरा
कलावंताचा खरा शब्द बिदागी. कार्यक्रम संपला, निघताना हातावर ठेवली ती बिदागी. मूळ अरबी 'विदा', निरोप. सत्कार म्हंजे शाल, नारळ, फोटो आणि रिक्षाचं भाडं ज्याचं त्यानं द्यायचं. बिदागीत निदान घरी न्यायला काहीतरी असायचं.

बोरू
अरबी कशाला, 'विदाय' संस्कृतात आहे.

तांबडापांढरा
असेल, पण शेवटची 'गी' बघा की. परवानगी, रवानगी, नाराजगी, ती चाल फारसीची आहे. आणि अरबी असला म्हणून बिघडलं कुठं? आपल्या कोल्हापुरात गाणं रुजवलं अल्लादिया खाँसाहेबांनी, शब्दाला कसली सोवळ्यात ठेवताय.

गंगावेसकर
ओ मंडळी, सोमवारी मजकूर छापायला जायचाय. आबांनाच विचारलं काय लिहू, तर म्हणाले काय बी लिव, पण ढोलकीचं नाव घाल, आणि ज्यांच्याकडनं शिकलो त्या वस्तादांचं घाल, माझं एकट्याचं नको. मग म्हणाले अमुक सालच्या जत्रेच्या सुपाऱ्या किती होत्या ते आठवतंय का कुणाला, आणि तिथनं जे सुरू झालं ते जेवणापर्यंत.

बागलचौक
मग पहिली ओळ वस्तादांच्या नावानं सुरू करा, बाकी राहू दे. 'अमुक वस्तादांचे शागीर्द' हीच पदवी मोठी. मानकरी खाली कुठंतरी येऊ दे.

शाहूपुरी५
आबांनी सुपारी म्हटलं बघा, हा शब्द आता गुन्हेगारीच्या बातम्यांनी पळवला. कार्यक्रम ठरला की विडासुपारी द्यायची, घेतली म्हंजे शब्द दिला. फडवाले अजून तसंच म्हणतात.

मंगळवारपेठ
आमच्याकडं त्याला इसार म्हणायचे.

तांबडापांढरा
इसार वेगळा. इसार म्हंजे रोख पैसे, जमिनीच्या व्यवहारात देतात तसले, मोडला तर बुडाले. सुपारीत पैसा असेलच असं नाही.

मंगळवारपेठ
फडाच्या व्यवहारात पण रोखच द्यायचे, माझ्या आजोबांच्या वहीत 'इसार पोचला' असंच लिहिलेलं आहे, जत्रा कमिटीचं नाव घालून.

बोरू
वही असेल तर त्या पानाचा फोटो टाका. इसार की विसार ते पण बघू, 'व' कुठं गळाला ते कळलं पाहिजे.